शेंड्याचा निरोप मुळाला

असे फाटकापाशी काय उभे राहता? या, इकडे जवळ या, सावलीत. आणि ते रोप आधी खाली ठेवा पाहू. शेंड्याला धरून रोप उचलायला कोणी शिकवलं तुम्हाला? पिशवीला खालून हात द्यावा. इतकी वर्षं सांगते आहे, पण गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला हात पानांना. पानं किती हिरवी, शेंडा किती उंच, फळ कधी धरेल. मुळं कशी आहेत, असं विचारणारा माणूस वर्षाकाठी एखादाच भेटतो आणि भेटला की मी त्याला चहा पाजते. तुम्हाला अजून चहा विचारलेला नाही, हे ध्यानात घ्या.

तर, भाट्याच्या पुलापलीकडे आमची कलमांची नर्सरी आहे. आता मुलगा-सून बघतात, मी खुर्चीत बसून नावं ठेवते. शाळा माझी नववीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा मागच्या पडवीत सासरे आंब्याची कोय कलमं बांधायचे. त्यांच्या हाताकडे बघून मी शिकले. ते कधी काही समजावून सांगत नसत. कलम चुकलं तर नुसतं "हं" म्हणायचे आणि बरोबर आलं तरी "हं"च. दोन "हं"मधला फरक ओळखायला मला तीन पावसाळे लागले.

का होतं, ते मात्र मला कळत नव्हतं. फांदीला माती लावून बांधली की मुळं फुटतात, बरोबर. पण फांदीला कसं कळतं की आता मुळं काढायची आहेत? सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "तिची गरज असते." आता गरज तर मलाही पुष्कळ गोष्टींची होती, म्हणून काही त्या उगवत नव्हत्या.

मग शेतकरी बायकांसाठी एक शिबिर निघालं, तिथे शिकवायला एक शास्त्रज्ञ बाई होत्या. गोड बोलायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की झाडाला आपल्यासारखं डोकं नसतं, पण त्याच्या अंगात संजीवकं असतात. एका जागी तयार होतात, दुसऱ्या जागी जाऊन काम करतात. त्यातलं एक कोवळ्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं, तिथून सालीच्या आतल्या अंगानं खाली खाली उतरतं आणि मुळांना सांगतं, फुटा, फांद्या काढा. ऑक्झिन त्याचं नाव. दुसरं एक मुळांच्या टोकाशी तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढून डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या झोपलेल्या कोंबांना, सांगतं, जागे व्हा. त्याचं नाव बाईंनी फळ्यावर लिहिलं, मी ते उतरवून घेतलं, पण माझ्या जिभेवर ते अजून धड बसत नाही. मी आपली दोघांना निरोप म्हणते. वरचा निरोप आणि खालचा निरोप. बाई हसल्या, म्हणाल्या, "चालेल. परीक्षा थोडीच आहे."

मी शेजारणीला म्हटलं, म्हणजे बघ, मुळं कधी आणि किती काढायची हे पुष्कळसं वरून ठरतं. ती म्हणाली, "मग आमच्या घरासारखंच की. सासूबाई माडीवर राहतात."

बाईंनी आम्हाला फणसाच्या आठळी ओल्या गोणत्यात रुजवायला लावल्या. मुळाचं टोक बाहेर आलं की आठळ आडवी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर टोक खाली वळलेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा खाली. त्याचं कारण ऐकून मी घरी येईपर्यंत हसत होते. आडवं ठेवलं की तो निरोप खालच्या अंगाला जास्त साठतो. शेंड्याला तो जास्त मिळाला की ती बाजू भराभर वाढते, म्हणून शेंडा वर वळतो. मुळाला मात्र तोच जास्त झाला की ते वाढायचं थांबतं. म्हणून खालची बाजू मागे राहते, वरची पुढे जाते आणि मूळ जमिनीकडे वळतं. औषध एकच, पण मुळाचं पोट लहान. पेजेत चिमूटभर मीठ पडलं की चव येते, मूठभर पडलं की पेज ओतून द्यावी लागते, तसं.

हे मीठ मी पुढे किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. बाजारात मुळं फुटायची पावडर मिळते, ती म्हणजे हाच वरचा निरोप, डबीत भरलेला. कोवळ्या काडीला सौम्य, जून काडीला जरा कडक. पण लोकांना डबी हातात आली की दम निघत नाही. एक गृहस्थ जास्वंदीच्या काड्या मैद्यात घोळवल्यासारख्या पांढऱ्या करून लावायचे आणि काळ्या पडल्या की मला घेऊन दाखवायचे. दुसरे एक होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी काडी उपटून बघायचे, मूळ आलं का, आणि पुन्हा खोचायचे. मी म्हटलं, "अहो, तुमच्या अंगावरचं पांघरूण रोज पहाटे कोणी ओढलं तर तुम्ही वाढाल का?" ते म्हणाले, "आमची ही ओढतेच." त्यांची गुलाबाची एकही काडी लागली नाही, पण त्यांची बायको भली. नंतर येऊन तयार रोपं घेऊन गेली आणि नवऱ्याला सांगितलं, तुमच्याच काड्या लागल्या.

आता खरी सांगायची ती गोष्ट रुकय्याभाभींच्या पपनसाची.

खाडीकाठच्या मोहल्ल्यात त्यांचं घर. माझ्याच वयाच्या. नवरा जहाजावर होता, तो गेला. मुलगा अझर कुवेतला. घरात भाभी आणि त्यांचे धाकटे दीर, बशीरचाचा. चाचांनी सगळा जन्म आगबोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला. निवृत्त झाले तरी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे इंजिन असल्यासारखं बघायचे. भाभींच्या शिवणयंत्रालासुद्धा त्यांनी इतकं तेल पाजलं होतं की झंपरावर डाग पडायचे.

घराच्या मागच्या अंगणात विहिरीच्या अंगाला पपनसाचं झाड होतं. आत गुलाबी, पाकळ्या सुट्या, गोडाला मागे किंचित कडवट. गणपतीत ओळखीच्या आम्हा सगळ्यांच्या घरी भाभींकडून एकेक पपनस यायचं. अझरनं जुन्या घराच्या मागे नवं घर बांधायचं ठरवलं आणि पाया नेमका त्या झाडावरून जात होता. भाभी माझ्याकडे आल्या, खुर्चीवर न बसता रोपांमध्ये तशाच उभ्या राहिल्या.

"वैनी, घराला माझी ना नाही. पोरगा बांधतो, बांधू दे. पण ह्या झाडाची डहाळी दाभोळहून आणलेली. माझ्या अम्मीच्या अंगणातली. तिथलं घर गेलं, झाडही गेलं. ती चव आता जगात त्या एका झाडाला आहे."

मी म्हटलं, "बिया आहेत की."

"बियांचं लावून बघितलं ना. आंबट निघालं. बशीरच्या तोंडासारखं."

ते खरंच होतं. पपनस बियांवरून आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. फांदीलाच मुळं फोडायला हवीत, म्हणजे गुटी बांधायला हवी. मी गेले बघायला. झाड म्हातारं, फांद्या जून. जून लाकूड मुळं काढायला कुरकुर करतं, हे मी भाभींना तिथेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू बांध. बाकी अल्ला बघेल."

गुटी म्हणजे काय ते सांगते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल सोलून काढायची. आतलं बुळबुळीत खरवडून लख्ख करायचं. तो बुळबुळीत थर राहिला तर साल पुन्हा सांधते आणि सगळं फुकट जातं. लाकूड शाबूत असतं, त्यामुळे खालचं पाणी वर चढत राहतं, फांदी वाळत नाही. पण शेंड्याचा निरोप सालीवाटे खाली निघालेला असतो, तो त्या कापावर येऊन अडतो. पुढे वाटच नाही. तिथेच साठतो. मग त्या जागी जरा पावडर लावायची, भिजवून पिळलेलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक बांधायचं. अडलेल्या निरोपाला तिथे ओल आणि काळोख मिळाला की तो तिथेच मुळं काढतो. खालच्या खऱ्या मुळांपर्यंत पोचायचं सोडून जिथे थांबला तिथेच संसार मांडतो म्हणा.

आषाढात मी चांगल्या चांगल्या फांद्या बघून गुट्या बांधल्या. चाचा शिडी धरून उभे होते आणि मी काय करते ते बारकाईनं बघत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, असं आता भाभी म्हणतात.

गणपतीच्या तोंडावर मी बघायला गेले. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला हवी होती. एकीतही नाही. एक सोडून पाहिली. कापाच्या वरच्या कडेला खडबडीत गाठ आलेली, पण मूळ नाही. मी फांदीवर नजर वर नेली आणि बघतच राहिले. प्रत्येक गुटीच्या वरची फांदी नीट छाटलेली. शेंडे नाहीत. कोवळी पानं नाहीत. फांदीला दोन-दोन जुनी पानं तेवढी.

"हे कोणी केलं?"

चाचा पुढे झाले. चेहऱ्यावर अभिमान. "मी. तुम्ही गेल्यावर आठवड्यानं. वैनी, लोड कमी केला. वरचा लोड कमी केला की सगळी ताकद खाली मुळांना जाते. इंजिनाचं तसंच असतं."

भाभी म्हणाल्या, "बशीर, हे इंजिन आहे?"

"तत्त्व तेच, भाभी."

मला राग आला होता, पण त्या माणसानं शेंडे किती हलक्या हातानं कापले होते. प्रत्येक काप तिरका, स्वच्छ, साल कुठे फाटलेली नाही. माझ्या कामगारांनी इतकं सुबक कधी कापलं नाही. मी शिडीवरून खाली उतरले, पायरीवर बसले आणि त्यांना सांगितलं, "चाचा, मुळांना हुकूम ज्या खोलीतून जातो, ती खोलीच तुम्ही उडवलीत. मी पावडर लावली होती, पण ती म्हणजे उसना निरोप. जून फांदीला तेवढ्यावर भागत नाही. तिला शेंड्याचा निरोप लागतो आणि पानांनी शिजवलेलं अन्न लागतं. तुम्ही दोन्ही काढून घेतलं."

चाचांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "म्हणजे ब्रिज वरती असतो."

"ब्रिज म्हणजे?"

"कॅप्टन उभा राहतो ती जागा. मला वाटलं होतं झाडाला नुसती इंजिनरूमच असते."

ओढणीच्या टोकानं भाभी एका गुटीवरचं पाणी पुसत राहिल्या. दिवाळी झाली की पाया खणणारे येणार होते. आता नव्यानं त्याच जून फांद्यांवर गुट्या बांधणं म्हणजे पुन्हा तेच, आणि पाऊसही निघून जाणार.

मी झाडाभोवती एक फेरी मारली, खरं तर भाभींकडे बघायला नको म्हणून. तेव्हा मला ते दिसले. गुट्यांच्या खाली, खोडाच्या अंगाला, जाड्या फांद्यांतून फुटवे निघाले होते. हिरवेगार, कोनेदार, काटे असलेले, सरळ वर उठलेले. म्हातारं पपनस असं काटेरी फुटत नाही, कोवळं पपनस फुटतं.

आधी शेंडे तिथल्या डोळ्यांना दाबून ठेवत असत. शेंड्याचा निरोप मुळांना फुटा म्हणतो, तोच बाजूच्या डोळ्यांना गप्प बसवतो. मी साल काढून तो अडवला होता आणि चाचांनी शेंडेच काढून तो बंद केला. खालची मुळं तर जुनी, धष्टपुष्ट. त्यांचा निरोप पाण्याबरोबर वर येतच होता. डोळ्यांना बसा म्हणणारं कोणी उरलं नाही आणि उठा म्हणणारं होतं. उठले. आणि खोडाजवळच्या अशा फुटव्याला अंगात ज्वानी असते, तो मुळं काढायला का-कू करत नाही.

मी म्हटलं, "भाभी, हे बघा. ह्यांना जरा जाड होऊ देत. दसऱ्याच्या आसपास ह्यांच्यावर बांधू."

"दसऱ्याला बांधून दिवाळीला होतील?"

"नाही. दिवाळीच्या पुढे बराच वेळ लागेल."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी अझरला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मला साक्षीला बसवलं होतं. अझर गुणी मुलगा. म्हणाला, "अम्मी, कंत्राटदाराला तारीख दिली आहे. मी तुला नर्सरीतून हवी तेवढी पपनसं आणून देतो. मावशीकडचीच."

माझाच माल विकत होता बिचारा.

भाभी म्हणाल्या, "अझर, घर कोणासाठी बांधतोस?"

"आपल्यासाठी."

"तुझी पोरं सुट्टीला येतील तेव्हा मी त्यांना काय सोलून देऊ, टाइल्स?"

मग चाचांनी फोन हातात घेतला. "बेटा, चूक माझी आहे. झाड मागच्या अंगाला आहे. पाया पुढच्या अंगानं खणायला घे, नव्या ओटीपासून. मागच्या अंगाला शेवटी ये. कंत्राटदाराचं काम थांबत नाही, तुझी तारीख मोडत नाही. मी इथे उभा राहतो." अझर म्हणाला, "चाचा, तुम्ही उभे राहणार म्हणजे कंत्राटदार पळेल," पण कबूल झाला.

दसऱ्याला आम्ही चार फुटव्यांवर गुट्या बांधल्या. शेंडा राखला, पानं राखली. चाचांना मी कामच लावून दिलं, म्हणजे हात मोकळे नकोत. पाऊस संपला की शेवाळ सुकतं, तेव्हा इंजेक्शनच्या सुईनं प्लॅस्टिकमध्ये जरा जरा पाणी सोडायचं. नळानं नाही. त्यांनी ते इंजिनरूममधल्या पाळीसारखं केलं. भाभी सांगायच्या, आता झाडाशी बोलायलाही लागलाय, मालवणी शिव्या घालतो.

दिवाळीनंतर खणायला सुरुवात झाली आणि एका दुपारी चाचांचा फोन. "वैनी, या. पानं गळतायत."

जाऊन बघते तर मजुरांनी चर जरा जास्तच मागे आणला होता आणि एक मनगटाएवढं मूळ तोडलं होतं. त्या अंगाची पानं मलूल, पिवळी. मुळं तुटली, पाणी कमी पडलं की झाडात आणखी एक निरोप फिरतो. तो पानांना म्हणतो, तोंडं मिटा, पाणी सांभाळा, नाहीच जमलं तर गळून पडा. झाड स्वतःला वाचवत होतं. पण त्या अंगाला आमच्या दोन गुट्या होत्या आणि त्यांची पानं झडली. मी चाचांना स्पष्ट सांगितलं, ह्या दोन गेल्यात जमा. दुसऱ्या अंगाच्या दोन बघू.

चाचांनी चरापाशी दोरी बांधली आणि स्टूल टाकून बसले. मजूर त्यांना कॅप्टन म्हणायला लागले. चाचा म्हणायचे, "कॅप्टन नाही रे, इंजिनवाला. कॅप्टन वर आहे," आणि शेंड्याकडे बोट दाखवायचे.

थंडी पडली तेव्हा भाभी सकाळीच रिक्षानं आल्या. काही न सांगता म्हणाल्या, चल. गेले. प्लॅस्टिकच्या आत, शेवाळावर, शेवयांसारखी पांढरी मुळं. दोन्हींत. मी बोट लावून दाखवायच्या आधीच भाभींनी मला टोकं दाखवली, "ही बघ, ही बघ, खालीच चालली आहेत."

सिकेटर मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही फांद्या गुटीच्या खाली कापल्या. मी अर्धी पानं कमी केली, कारण नव्या मुळांना एवढा मोठा संसार पेलत नाही. चाचा लगेच म्हणाले, "आता लोड कमी करायचा? तेव्हा मी केला तर..." भाभी म्हणाल्या, "बशीर, चहा ठेव जा."

झाड पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. जायला हवं होतं, एवढी एक गोष्ट मला लागून राहिली आहे. भाभी म्हणाल्या, त्या स्वयंपाकघरात मासे साफ करत बसल्या आणि करवत थांबल्यावर बाहेर आल्या.

दोन्ही रोपं मी नर्सरीत सावलीत वाढवली. एक भाभींच्या नव्या घरामागे लावलं, एक माझ्याकडे राहिलं, न जाणो म्हणून. गेल्या भाद्रपदात भाभींच्या झाडाची पहिली फळं पिकली. त्यांनी मला बोलावलं. झाड तेच, सालीतला रस तोच, त्यामुळे चव तीच असणार, हे मला पुस्तकानं आणि बाईंनी सांगितलेलं होतं. पण भाभींच्या जिभेला कोणी पुस्तक दाखवायचं? त्यांनी साल जाड म्हणून नाक मुरडलं. पाकळी सोलली, मीठ लावलं नाही, तशीच तोंडात टाकली. चाचा आणि मी भिंतीला टेकून उभे. त्या बराच वेळ चावत राहिल्या. नजर विहिरीकडे.

मग म्हणाल्या, "मागे कडवट आहे."

चाचा म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे बरोबर आहे." आणि दुसरी पाकळी सोलायला घेतली, ती आम्हाला न देता स्वतःच खाल्ली.

यंदा बहर बरा आहे. फळं झाडावर हिरवी लटकली आहेत, गणपतीच्या आत पिवळी पडतील. मी भाभींना म्हटलं, ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी कोणी बघायला आलं तर चालेल का. म्हणाल्या, "येऊ देत की. पण आधी कळवायला सांग आणि उशीर करू नका म्हणावं. बशीर एकटाच संपवतो." तेव्हा या. भाद्रपद उजाडताच या, माझ्याकडे उतरा, आपण दोघं मिळून खाडीपलीकडे जाऊ.